कृषी फीडरचा वीजमागणीचा अंदाज : माझा अनुभव

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरलगतचा एक ११ केव्ही कृषी फीडर, म्हणजे सबस्टेशनपासून शेतीपंपांना वीज नेणारी लाईन, निवडला. पुढच्या वर्षी त्यावर किती मागणी येईल, हे काढायचं होतं. सबस्टेशनच्या लॉगबुकातल्या तासातासाच्या अँपिअरच्या नोंदी एक्सेलमध्ये भरल्या. थ्री-फेज लाईट असते तेव्हा भार चढलेला, गेली की जवळजवळ शून्य. ही मागणी नव्हे, पुरवठ्याचं वेळापत्रक झालं. पाळी बदलली की आलेखही दिवसाचा रात्रीवर सरकतो.

पुस्तकात सांगतात, सगळी यंत्रं एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून एकूण एचपीला एकाहून लहान गुणक लावून कमाल भार काढा. ऑपरेटर म्हणाला, "सर, लाईन दिल्यावर पहिली पाच मिनिटं काट्याकडे बघा." जवळपास प्रत्येक मोटरला ऑटो स्विच. लाईट आली की सगळ्या एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. इथे तो गुणक जवळजवळ १ धरावा लागतो.

मग वायरमनदादांबरोबर डीपी ते डीपी, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरून दुसऱ्यावर, फिरलो. त्यांनी आधीच बजावलं होतं, "वही काढू नका, माणसं एचपी कमीच सांगतील." बिल वाढेल ही भीती, आणि तीही रास्तच. कागदावर तीनची मोटर, विहिरीवर पाचची किंवा साडेसातची. त्यामुळे विचारण्यापेक्षा डीपीवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावणं बरं. ५ एचपीची मोटर पूर्ण भारावर फेजमागे साधारण ७ अँपिअर घेते, त्यावरून हिशेब बसतो. व्होल्टेज पडलं असेल तर करंट वाढतो, म्हणून तेही सोबत मोजायचं. १०० केव्हीएच्या डीपीची क्षमता १३३ अँपिअर; काही ठिकाणी काटा त्याच्या वर होता.

खरी गुंतागुंत उन्हाळ्याची. धरणाचं पाणी मागे सरकलं की काठचे शेतकरी पाइप आणि केबल वाढवत मोटरी पाण्यामागे नेतात. पाइप लांबला, चढ वाढला, म्हणजे तेवढ्याच उसाला आणि केळीला मोटर जास्त तास. वरच्या अंगाला मात्र विहिरी-बोअर आटतात, तास-दोन तासांत मोटर बंद. एकाच फीडरवर अर्धा भार वाढतो, अर्धा घटतो. दोन्हींची सरासरी काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून फीडरचे दोन भाग करून पिकं, पाणी आणि तास वेगळे मांडले.

त्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मुळे फीडर सौर प्रकल्पांना जोडले जाताहेत. दिवसा लाईट मिळाली तर रात्रपाळीच्या जुन्या नोंदींचा उपयोग थोडाच. गाईडना एकच आकडा हवा होता. मी तीन दिले: पाऊस भरपूर, पाऊस कमी, आणि दिवसाच पुरवठा. तिन्हींखाली कोणती गृहीतकं धरली तेही लिहिलं. व्हायवात बराच वेळ त्या गृहीतकांवरच गेला.