घाट उतरून समुद्राकडे, आईसोबत

मिरजेहून वास्कोला रेल्वेने जायचं असेल तर घाट दिवसाउजेडी लागेल अशीच गाडी बघा, हे मी भेटेल त्याला सांगत असते. यावेळी सप्टेंबरात आईला घेऊन गेले. तिने हाच प्रवास कोळशाच्या इंजिनावर केलाय, 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला त्यानंतरच्या लगेचच्या वर्षांत. तेव्हा ही सगळी लाइन मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती, रुंद रुळांची ब्रॉडगेज व्हायला नव्वदचं दशक उजाडलं.

गाडी सुटली तशी आई सुरूच झाली. पांढरे कपडे घालायचेच नाहीत हा पहिला नियम, खिडकीत बसायचं पण इंजिनाकडे तोंड करून नाही कारण कोळशाची कच डोळ्यात जायची, आणि बोगदा आला की सगळ्यांनी धडाधड खिडक्या लावायच्या, तरी धूर आत यायचाच. लोंढ्याला इंजिन पाणी घेईपर्यंत पोरं सगळी प्लॅटफॉर्मवर.

कॅसलरॉक ते कुळे फक्त 26 किमी, पण उतार 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर खाली, रेल्वेसाठी हे भयंकर आहे. कॅसलरॉकला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडत नाहीत. मग करंझोळ, दूधसागर, सोनावळी. दूधसागरच्या पुलावर आमची गाडी इतकी हळू गेली की तुषार थेट हातावर आले, 310 मीटरवरून पडतं ते पाणी, आणि सप्टेंबरात तर काय जोर असतो!

कुळ्यापासून हवा बदलते, दमट, चिकट. मडगावनंतर माजोर्डा, कासावली, दाबोळी आणि मग वास्को. संध्याकाळी बायणाच्या किनाऱ्यावर आई पाण्यात घोटाभर उभी राहिली, लाट आली की माझा दंड धरायची आणि हसायची.

पण तिला समुद्राइतकाच परतीचा घाट हवा होता. कारण इंजिन खरं ऐकायचं ते चढताना. पुढून एक ओढतंय, मागून बँकर, म्हणजे चढापुरतं जोडलेलं जादा इंजिन, ढकलतोय, दोघांचे फुसकारे आधी जोडीने यायचे, मग मागेपुढे व्हायचे, चढ वाढला की दोन फुसकाऱ्यांमधलं अंतर वाढत जायचं आणि अख्खा डबा गप्प बसून ऐकायचा, आता चढतंय की थांबतंय. आतून फायरमन फावड्याने कोळसा टाकत असणार, त्या उन्हाळ्यात, त्या बोगद्यांत. सह्याद्री केवढा उंच आहे हे आम्हाला कानाने कळलं, असं आई म्हणते, आणि मला ते शंभर टक्के पटतं. आताही मागे जादा इंजिनं लावतात, पण ती एकसुरी घरघरत वर नेतात, दम लागलेला कळत नाही.

तरी गंमत आहेच. तिकीट मात्र स्लीपरचं काढा, एसीच्या बंद काचेतून घाट ऐकू येत नाही. आणि कुळ्याला गाडी थांबली की खाली उतरून मागची इंजिनं जोडताना बघा, आईने मला तिथे शेवटच्या डब्यापर्यंत चालवत नेलं.