जिंकलो, पण

रविवारी दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असताना कुंपणापलीकडून रबरी नळीच्या पाण्याचा आणि त्या पाण्याहूनही अखंड अशा तक्रारीचा आवाज येऊ लागला, की काल कॉलिंगवूडचा संघ जिंकला असे मी खुशाल समजतो. मेलबर्नमध्ये इतकी वर्षे काढल्यावर इथले हातापायांनी खेळायचे ऑस्ट्रेलियन फुटबॉल मला एवढे कळू लागले आहे. शेजारचे आजोबा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची लोकरी टोपी घालून, पहाटेच पाऊस पडून गेलेला असला तरी लिंबाच्या झाडाला पाणी घालत असतात आणि बाजूला घडीच्या खुर्चीत बसलेला त्यांचा मेहुणा माना डोलावत असतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सगळे झोपले होते, वरून येणारा चेंडू हातात धरायचा सोडून मुठीने ढकलत काय होते, गोलखांबांसमोरच्या पन्नास मीटरच्या कमानीत इतक्यांदा शिरून शेवटी पदरात काय पडले, असे ते बोलणे चालते. परक्या माणसाने ऐकले, तर हा संघ तळाला गेला असून प्रशिक्षकाची गच्छंती ठरली आहे, असेच त्याला वाटेल.

या विश्लेषणाचा कळस मी २०२३ च्या ग्रँड फायनलनंतर पाहिला. कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला ९० विरुद्ध ८६ असे हरवले, सोळावे अजिंक्यपद मिळवले, रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजत होते, आणि आजोबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा कपाळावर चढवून एका छोट्या वहीकडे पाहत होते. वहीत पेन्सिलीने गोलासाठी उभी जाड रेघ आणि बिहाइंडसाठी आखूड बारीक रेघ अशी त्यांची जुनी पद्धत आहे. मधल्या दोन उंच खांबांतून लाथ मारून चेंडू नेला की गोल, त्याचे सहा गुण. तो हुकून शेजारच्या आखूड खांबाच्या आतून गेला की बिहाइंड, त्याचा एक. त्या पानावर बारा जाड रेघा होत्या आणि अठरा बारीक. ‘अठरा!’ ते म्हणाले, ‘अहो, अठरा!’

हुकल्याबद्दलही गुण देणारा हा नियम १८९७ पासून चालत आला आहे आणि माझ्या मते तो फार उदार मनाचा नियम आहे. आमच्या चाळीत कॅरमची सोंगटी भोकाच्या कडेला लागून परतली, तर कोणी सहानुभूतीदेखील दाखवत नसे. मी त्या वहीवर हिशेब मांडला. ब्रिस्बेनचे गोल तेरा, म्हणजे एक जास्तच. त्यांचे बिहाइंड मात्र आठच. तेव्हा आजोबांना कप मिळाला तो चुकलेल्या चेंडूंच्या जोरावर, हे मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, ‘पण ते अठराही आत गेले असते तर?’ मग आम्ही तोही हिशेब केला. एकशे ऐंशी झाले असते.

त्यांचेही बरोबर होते, कारण बिहाइंड म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १९६६ च्या ग्रँड फायनलमध्ये कॉलिंगवूडचे दहा गोल झाले होते आणि सेंट किल्डाचेही दहाच, पण सेंट किल्डाचे बिहाइंड चौदा आणि यांचे तेरा. एका गुणाने कप गेला. त्या वेळी शाळकरी असलेल्या आजोबांनी तो सामना रेडिओवर ऐकला होता, आणि तो शेवटचा एक गुण मिळवणाऱ्या बॅरी ब्रीनचे नाव घेताना ते अजूनही नळी किंचित दाबून धरतात.

हा खेळ मुळात क्रिकेटवाल्यांचाच. हिवाळ्यात खेळाडूंचे अंग आखडू नये म्हणून टॉम विल्सने १८५८ साली फुटबॉल क्लबाची सूचना केली होती. त्यामुळे असेल किंवा नसेल, आजोबांचे बोलणे ऐकताना मला गिरगावातले आमचे आप्पा आठवतात. २५ जून १९८३ च्या रात्री आपण विश्वचषक जिंकला, गॅलरीत थाळ्या वाजल्या, कोणीतरी पेढे वाटले. आप्पांनी पेढा हातात घेतला आणि तो तोंडात घालण्याआधी म्हणाले, ‘जिंकलो ते ठीक, पण १८३ म्हणजे काय धावा झाल्या? पुरती साठ षटकेसुद्धा टिकले नाहीत. आणि गावसकर दोनवर जातो म्हणजे काय!’ त्यांचे हे बोलणे वेस्ट इंडिजचा डाव १४० वर आटोपल्यानंतरचे होते. आम्हा पोरांना त्यांचा संताप आला होता. आता वाटते, की सामना संपला तरी तो आपल्या हातून सुटू नये म्हणून त्यांनी त्याला ‘पण’ने धरून ठेवले होते. किंवा त्यांचा स्वभावच तसा असेल. पगारवाढ झाली तेव्हाही ते असेच काहीतरी म्हणाले होते.

हरल्यावर मात्र हे लोक बोलत नाहीत. २०१८ ची ग्रँड फायनल कॉलिंगवूडने पाच गुणांनी गमावली, तेव्हा आठवडाभर मला कुंपणापलीकडे टोपी दिसली नव्हती.

काल रात्री मी लवकर झोपलो आणि निकाल पाहायचा राहून गेला. आज दुपारी कपडे वाळत घालून झाले, चिमटेही मोजून डब्यात ठेवले. पलीकडे नळीचा आवाज नव्हता. मी काही विचारले नाही.