काकूचा व्हिडिओ

आज गावाला काकूने माझ्यासमोर सांदणाचा, म्हणजे फणसाच्या त्या वाफवलेल्या गोड इडलीसारख्या पदार्थाचा, व्हिडिओ काढला आणि मी नुसती बघत राहिले. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, आवाज येतो म्हणून पंखा बंद, आणि त्या उकाड्यात पदराने घाम पुसत ही बाई फणसाचे गरे चाळणीवर घासतेय नि बोलतेय, "बघा हां, याला कापा फणस चालत नाही, मऊ बरकाच पाहिजे, आणि रवा तांदळाचाच." मध्येच काकांनी हाक मारली तर "थांबा हो, रेकॉर्डिंग चालूय", तेही तसंच ठेवलं तिने, कापलं नाही.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ पण असाच साधा होता, २३ एप्रिल २००५, एक मुलगा प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून जेमतेम १९ सेकंद बोलतो, बस्स. तेव्हा आपल्याकडे सायबर कॅफेत ते गोल फिरणारं चक्र बघत बसायचो. २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मग मळणी, गणपतीतलं घर, एसटीचा प्रवास सगळं फोनवर यायला लागलं, तेही लोक घरात बोलतात त्याच मराठीत, मला हे फार फार मोलाचं वाटतं.

संध्याकाळी दुबईहून कोणीतरी लिहिलं, "तुमचं ते 'हां' ऐकून आईची आठवण आली." काकूने मला ते तीनदा वाचायला लावलं.

आमच्या आजीचा आवाज कुठेच नाहीये, एक फोटो आहे फक्त. उद्या घावने करणारेय काकू. फोन मी धरणार.