ब्रेकच्या आधी हॉर्न

पोराचा हात इतका साफ की पहिल्याच फेरीला मी चाट पडलो. सात रस्त्याच्या गर्दीत क्लच सोडताना गाडीला हिसका नाही, चढावर हाफ क्लचला गाडी तसूभर मागे येत नाही. लर्निंग लायसन्सची शाई वाळलेली नाही आणि हे असं. विचारलं तर सरळ म्हणाला, "नववीपासून चालवतोय की सर. पप्पांचीच."

जुळे सोलापुरात शिरलो. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता, त्याच्या मागून सायकलवर एक मुलगी आडवी आली. पोराचा अंगठा हॉर्नवर गेला. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून हललाच नाही. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, त्यानेच गाडी थांबली. मुलगी निघून गेली, तिला कळलंही नसेल.

अगदी नवखा असता तर घाबरून ब्रेकवर उभा राहिला असता. त्या भीतीतूनच मी शिकवतो. उभा टेम्पो दिसला की ॲक्सिलरेटर सोडायचा, पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवायचा, टेम्पोच्या खालून कुणाचे पाय किंवा सायकलचं चाक दिसतंय का ते बघायचं. नवख्याला हे लवकर वळण लागतं. या पोराची भीती केव्हाच मोडलीय आणि तिच्या जागी हॉर्न बसलाय. तो काढायचा म्हणजे शिवण उसवून पुन्हा घालण्यासारखं काम.

2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघं गेले, तेव्हापासून चहाच्या गाड्यावर एकच सूर ऐकतो: लायसन्सचं वय 21 करा. मला ते पटत नाही. कायद्यात 18 आहेच. 16 ला परवानगी फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीला. शिकवणीच्या क्लासबाहेर मात्र 110 सीसीच्या गाड्यांची रांग, त्यावर दहावीची पोरं तिब्बल सीट. 2019 पासून पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, एवढं कलम आहे. चावी देणाऱ्या बापाला त्याची धास्ती वाटत नाही. वय 21 केलं तर याच पोराला असंच चालवायला आणखी तीन वर्षं मिळतील.

वाढवायचंच असेल तर लायसन्सनंतरचं बंधन वाढवा. अमेरिकेत न्यू जर्सीत सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण सुरुवातीला रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी काढता येत नाही आणि मित्रांचं टोळकं बसवता येत नाही. आपल्याकडे अठरा झाले की त्याच रात्री चार मित्र घेऊन तुळजापूरला जायला मोकळे.

संध्याकाळी वडील आले. "मास्तर, पोराला सगळं येतंय. कशाला एवढे दिवस? तेवढं सर्टिफिकेट देऊन टाका." नियमात किमान 21 दिवसांचं शिक्षण आणि प्रत्यक्ष दहा तास गाडी आहे. काही क्लासवाले तास न घेता रजिस्टर भरतात, आणि या धंद्याची अब्रू तिथेच जाते. मी नाही म्हटलं. "मग दुसरीकडे बघतो," म्हणून ते चपला घालायला लागले.

पोरगा जागचा हलला नाही. "सर, माझा पाय का नाही गेला?" वडिलांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. टेम्पोची गोष्ट त्याने घरी सांगितलीच नव्हती. मी सांगितली, मुलीसकट. मग ते खुर्चीत बसले. उद्यापासून पोरगा सकाळी सातच्या बॅचला येतोय, आणि घरच्या गाडीची चावी वडिलांनी स्वतःकडे ठेवायची, असं ठरलंय.