लोकलचा नकाशा: टिक्झ ते एसव्हीजी, आता स्टेशनांची नावं शोधता येतात!

अखेर जमलं! मुंबई लोकलचा नकाशा टिक्झमध्ये (लाटेकमध्ये कोड लिहून आकृत्या काढायचं पॅकेज) काढून त्याची एसव्हीजी (ब्राउझरला समजणारी वेक्टर चित्राची फाइल) केलीय. ती ब्राउझरमध्ये उघडली, कंट्रोल-एफ मारून 'कर्जत' टाकलं आणि भिवपुरीच्या पुढे कर्जत बरोब्बर हायलाइट झालं. विक्रोळी सापडतं, चिंचपोकळी पण. देवनागरी लेबलांची डायग्राम ज्यांनी टिक्झमधून बाहेर काढलीय त्यांना कळेल मी एवढा खूश का आहे ते.

सेटअप मागच्या अपडेटमधलाच: झीलाटेकने (युनिकोड समजणारं लाटेक) एक्सडीव्ही (पीडीएफच्या आधीची मधली फाइल) काढायची, पीजीएफला (टिक्झच्या खालचा पाया) डीव्हीआयएसव्हीजीएमचा (एक्सडीव्हीची एसव्हीजी करणारा प्रोग्रॅम) ड्रायव्हर द्यायचा. दिसायला नकाशा तेव्हापासूनच मस्त होता, वांधा सगळा मजकुराचा. एक्सडीव्हीमध्ये अक्षरं नसतातच, शेपिंग होऊन (वेलांट्या, जोडाक्षरं जागेवर बसवून) तयार झालेले ग्लिफ, म्हणजे अक्षरांचे आकार असतात. म्हणजे विक्रोळीची पहिली वेलांटी 'व'च्या आधी येऊन बसते, कर्जतचा रफार 'ज'च्या नंतर, आणि 'क्र'सारख्या जोडाक्षराला स्वतःचा युनिकोड नंबरच नाही म्हणून त्याला कुठलातरी प्रायव्हेट कोड (युनिकोडने कुठल्याच अक्षराला न दिलेला नंबर) मिळतो. वूफ-टू (वेबसाठीचा) फाँट एसव्हीजीत एम्बेड केला तरी सर्च कसा चालणार? डीव्हीआयएसव्हीजीएमला नो-फाँट्स दिलं तर नुसते पाथ, म्हणजे अक्षरांऐवजी रेषांच्या आकृत्या. पीडीएफ इंकस्केपमध्ये (वेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर) टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करायचा नाद तर सोडाच, मराठीची पार वाट लागते.

तर उपाय असा की शेपिंग टेककडून करूनच घ्यायचं नाही. नोडमध्ये (टिक्झमधली लेबलाची जागा) नाव फँटम म्हणून (जागा घेणारं पण न दिसणारं) टाकायचं, म्हणजे जागा बरोबर राखली जाते आणि कडेचं चर्चगेट कापलं जात नाही, आणि त्याच ठिकाणी रॉ स्पेशलमधून (एसव्हीजीत थेट कोड सोडायची सोय) खरा टेक्स्ट टॅग सोडायचा, युनिकोड जसाच्या तसा. टेक्स्ट-अँकर मिडल (मजकूर मधोमध धरायचा) ठेवा, मग समोरच्याकडे फाँट वेगळा असला तरी नाव ठिपक्यापासून सरकत नाही. तिरक्या नोडमधली नावं आपसूक तिरकी आली, हे बघून फार बरं वाटलं! शिवाय लँग एमआर (भाषा मराठी) दिलं की फाँटात सोय असेल तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात. हे प्लीज कोणी सोडू नका, हिंदी वळणाचा 'ल' घेऊन लालबाग लिहिणं मला बघवत नाही.

फाँट मुक्ता, आपल्या मुंबईच्याच एक टाइपचा, बारीक साइजलाही स्वच्छ वाचता येतो. पायएफटीसबसेटने (फाँट छाटायचं टूल) फक्त लागणारी अक्षरं ठेवली, जोडाक्षरांचे ग्लिफ तो स्वतःच सांभाळतो. हा फाँट बेस-सिक्स्टीफोर करून (मजकुरात बदलून) एसव्हीजीतच कोंबायचा प्लॅन होता, पण लिहिता लिहिता लक्षात येतंय की इमेज टॅगमधून लावलेल्या एसव्हीजीत सर्च चालतच नाही, म्हणजे नकाशा पानात इनलाइनच (एसव्हीजीचा कोड थेट पानाच्या एचटीएमएलमध्ये) टाकावा लागणार, आणि इनलाइन असेल तर पानाचा फाँट त्याला आयता मिळतो. मग कोंबायचं कशाला? रद्द!

छपाईसाठी मात्र पाथवालीच कॉपी. आमचा फ्लेक्सवाला सीडीआरच (कोरलड्रॉची फाइल) मागतो, आणि ह्या लोकांना मराठी युनिकोड टेक्स्ट द्यायचा नाही असं माझं ठाम मत आहे. एसव्हीजी आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) असते, त्यामुळे हार्बर आणि ट्रान्स-हार्बरचे रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या शाईचे रंग) नीट वेगळे ठेवायचे तर एक्सकलरला (लाटेकचं रंगांचं पॅकेज) सीएमवायके सांगून सरळ पीडीएफ काढणार. कोणाकडे कोरल असेल तर अशी पीडीएफ उघडून लाइनींची जाडी तशीच राहते का तेवढं बघून सांगा.