अंगठा उठत नाही

आमच्या कॅन्सरच्या डे-केअर वॉर्डमध्ये सलाइनमधून केमो घेणाऱ्यांवर सगळ्यांची नजर असते. गोळ्यांवरचे पेशंट मात्र तीन आठवड्यांनी येतात, रक्त देतात, पाकीट घेतात आणि एसटी गाठतात. कॅपेसिटाबिन ही त्यातली नेहमीची गोळी. चौदा दिवस घ्यायची, सात दिवस सुट्टी.

त्या दिवशी आलेल्या मावशी स्तनाच्या कॅन्सरसाठी याच गोळ्या घेत होत्या. खानावळीत ज्वारीच्या भाकऱ्या करतात. सगळं आटोपल्यावर म्हणाल्या, "सिस्टर, रेशनवाल्याला एक चिठ्ठी द्या की लिहून. मशीनवर माझा अंगठाच उठंना."

हात बघितले तर दोन्ही तळवे मेंदीने थापलेले.

"घरात लग्न आहे का?"

"कशाचं लग्न! आग होतीय नुसती. गार वाटतं म्हणून लावली."

मेंदीने लाली झाकली होती. बोटांची पेरं सोलवटलेली, कातडी तुकतुकीत, अंगठ्याच्या मुळाशी चीर. चप्पल काढायला तर तयारच होईनात. काढली तेव्हा टाचांना फोड दिसले.

ही गोळी पोटात गेल्यावर फाइव्ह-एफयू या जुन्या औषधात बदलते आणि तळहात-तळपायांना त्याचा त्रास होतो. हँड-फूट सिंड्रोम म्हणतात त्याला. दाब, घर्षण आणि उष्णता मिळाली की तो वाढतो, आणि भाकरी थापून तव्यावर टाकायची म्हणजे तिन्ही आलंच. बोटांचे ठसेही पुसट होतात. सिंगापूरच्या एका गृहस्थांना याच गोळ्यांमुळे अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडकवून ठेवलं होतं; ती केस २००९ मध्ये छापून आली. आमच्याकडे विमानतळाऐवजी रेशनचं दुकान, एवढंच.

फाइल उघडली. मागच्या खेपेच्या नोंदीत 'दैनंदिन काम करता येते' असं लिहिलेलं. त्रास किती वाढलाय हे बऱ्याच अंशी या एका उत्तरावर ठरतं. पण सकाळी शंभरेक भाकऱ्यांचं पीठ समोर असलेली बाई 'होत नाही' म्हणेल कशी? "होतंय की," म्हणते आणि हाताला फडकं गुंडाळून थापते.

मग मी विचारलं, "भाकरी थापताना फडकं लागतं का?"

"दोन महिने झाले."

डॉक्टरांनी गोळ्या लगेच थांबवल्या. मावशी घाबरल्या. "म्हणूनच बोलले नव्हते. गोळी बंद झाली तर गाठ वाढंल." हात सावरेपर्यंत थांबायचं, मग कमी डोसवर सुरू करायचं, हा उपचाराचाच भाग आहे आणि त्याने उपचार वाया जात नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा समजावलं. चिरा भरेपर्यंत व्हॅसलीन, नंतर युरियाचं मलम, सुती मोजे, गरम पाण्यात हात घालायचा नाही. खानावळीत काही दिवस भाज्या निवडायचं काम मागून घ्यायचं. रेशनसाठी चिठ्ठी दिलीच, शिवाय आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवता येतो हेही सांगितलं. नंबर चाकणला रात्रपाळी करणाऱ्या त्यांच्या मुलाचा निघाला. "म्हणजे तो उठेस्तोवर दुकानात बसायचं," मावशी म्हणाल्या.

नव्या पेशंटचं थोडं सोपं झालंय. गुडघ्याला चोळतो ते डायक्लोफिनॅक जेल हाताला लावलं की हा त्रास बराच टळतो. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ जणांवर त्याचा अभ्यास झाला. नुसतं साधं जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना मध्यम किंवा तीव्र त्रास झाला, तर डायक्लोफिनॅकचं जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांनाच. दीड-दोनशे रुपयांच्या ट्यूबकडून मला तरी एवढी अपेक्षा नव्हती.

दुपारी डोसिटॅक्सेलच्या खुर्चीवर एक शिक्षिका होत्या. ही सलाइनमधून दिली जाणारी केमो, नखं खराब करणारी. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा तर गडद नेलपॉलिश. पुसायला नको म्हणत होत्या. पुसलं तेव्हा काळवंडलेली, मुळापासून सुटत चाललेली नखं दिसली. 'काही त्रास?' या रकान्यात त्यांनी स्वतःच 'नाही' लिहिलं होतं.

"ब्लाउजचे हुक लावता येतात का?"

त्या हसल्या. "हे लावून देतात."

मी ते 'नाही' खोडलं आणि डॉक्टरांना हाक मारली.