प्राणघातक मृत्यू आणि डालेकांच्या खुर्च्या

गाईचं गोमूत्र, पिवळं पीतांबर, लेडीज बायका. असल्या जोड्या ऐकल्या की मराठी माणसाच्या ओठांच्या कडा आपोआप हलतात. गोमूत्र काय म्हशीचं असणार आहे? 'द कर्स ऑफ फेटल डेथ' हे एका टीव्ही विडंबनाचं नाव याच घराण्यातलं आहे. प्राणघातक मृत्यूचा शाप. प्राण न घेणारा मृत्यू अजून कुणी पाहिलेला नाही, पण ब्रिटिश टीव्हीवरच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेत असली नावं खरोखर असत. १९७६ साली तिथे 'द डेडली असॅसिन' नावाची कथा झाली. मारेकरी, तोही जीवघेणा. म्हणजे १९९९ साली लेखक स्टीव्हन मॉफॅट या मालिकेचं विडंबन लिहायला बसला तेव्हा शीर्षकाची टिंगल त्याला शोधावी लागली नाही, मूळ मालिकेनं ती आधीच करून ठेवली होती.

हे विडंबन १२ मार्च १९९९ ला बीबीसी वनवर दाखवलं गेलं. निमित्त होतं रेड नोज डेचं, म्हणजे कॉमिक रिलीफच्या देणग्या गोळा करायच्या रात्रीचं. कॉमिक रिलीफ ही संस्था रिचर्ड कर्टिस आणि लेनी हेन्री यांनी १९८५ मध्ये सुरू केली. लोकांनी विदूषकाचं लाल नाक लावायचं, रात्रभर टीव्हीवर विनोद बघायचे आणि अधूनमधून फोन करून पैसे द्यायचे, असा तिचा सरळ हिशेब. डॉक्टर झाला रोवन ॲटकिन्सन, त्याची सोबतीण एमा म्हणजे जूलिया सवाल्हा, आणि कायमचा शत्रू मास्टर म्हणजे जोनाथन प्राइस. दिग्दर्शन जॉन हेंडरसनचं, निर्मिती स्यू व्हर्च्यूची. सगळा मामला वीस-बावीस मिनिटांचा.

ज्यांचा या मालिकेशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढं पुरे. डॉक्टर हा परग्रहावरचा टाइम लॉर्ड. बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन खोक्यासारख्या आणि आतून भल्यामोठ्या दिसणाऱ्या टार्डिस या यंत्रातून तो काळात हिंडतो. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजे नट बदलतो. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेला, बालपण मुंबईत काढलेला, आणि तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा होता. १९८९ च्या डिसेंबरात ती बंद पडली. १९९६ मध्ये एक टीव्ही चित्रपट आला, पण त्यातून पुढे मालिका काही उभी राहिली नाही. त्यामुळे १९९९ मध्ये हे घर कुलूपबंद होतं, आणि कुलूपबंद घरात नातवंडांनी आजोबांचा कोट घालून नाटक केलं तर रागवायला कोण येणार? पण कोट आजोबांचाच हवा. भाड्यानं आणलेला चालत नाही.

याआधी दानधर्माच्या नावाखाली एक प्रयत्न होऊन गेला होता. १९९३ च्या नोव्हेंबरात, चिल्ड्रन इन नीड या दुसऱ्या निधीसाठी, 'डायमेन्शन्स इन टाइम' हा दोन तुकड्यांचा कार्यक्रम झाला. तो का फसला हे पाहिलं तर १९९९ चा का जमला ते कळतं. एक तर जेमतेम तेरा मिनिटांत पाच डॉक्टर, डझनावर सोबती आणि वर 'ईस्टएंडर्स' या कौटुंबिक मालिकेतली अख्खी गल्ली. प्रत्येकाला एकेक वाक्य वाटता वाटता वेळ संपला. त्यात तो त्रिमितीत होता, आणि त्यासाठी पुल्फ्रिच परिणाम वापरला होता. त्याला लागणाऱ्या चष्म्याची एक काच काळसर, दुसरी स्वच्छ. काळ्या काचेमागच्या डोळ्याला प्रकाश कमी मिळतो, म्हणून त्याचा संदेश मेंदूला किंचित उशिरा पोचतो. एखादी वस्तू आडवी सरकत असेल तर दोन डोळ्यांना ती दोन वेगळ्या जागी दिसते आणि मेंदू त्या फरकाचा अर्थ खोली असा लावतो. स्वस्त आणि मस्त. साध्या टीव्हीवर चालतं, बिनचष्म्याच्या माणसालाही चित्र नीट दिसतं. पण मेख अशी की पडद्यावर काहीतरी सतत आडवं सरकत राहायला हवं. थांबलं की चित्र सपाट. म्हणून कॅमेरा माणसांभोवती घिरट्या घालत राहतो. विनोदाला मात्र थांबावं लागतं. वाक्य पडल्यावर क्षणभर ऐकणाऱ्याचा चेहरा दिसावा लागतो, तिथेच हसू फुटतं. भोवऱ्यात बसून कोणी विनोद सांगितलाय?

मॉफॅटनं माणसं मोजकी घेतली आणि कॅमेरा गप्प ठेवला. शिवाय मूळ मालिकेची बांधणी जशीच्या तशी उचलली. जुन्या डॉक्टर हूच्या कथा बहुधा चार किंवा सहा भागांच्या, प्रत्येक भाग पंचवीसेक मिनिटांचा, शेवटी कुणीतरी संकटात आणि लगेच शीर्षकसंगीत. विडंबनही चार भागांत लिहिलं, प्रत्येक भाग पाचेक मिनिटांचा. मधल्या वेळात देणग्यांची आवाहनं. पाच मिनिटांच्या तुकड्यालाही तोच घाबरवणारा शेवट असल्यामुळे संकट नीट यायच्या आतच संगीत येऊन थडकतं. पुढे व्हिडिओ कॅसेटसाठी चाराचे दोन भाग केले. सलग पाहायला ते बरं वाटतं, पण अडकवून ठेवण्याची मजा पातळ झाली, हेही खरं.

गोष्ट सुरू होते टर्सरस ग्रहावरच्या एका गढीत. आपण ज्ञात विश्वातला प्रत्येक ग्रह किमान २७ वेळा वाचवलाय असा हिशेब डॉक्टरनं केला आहे. आता निवृत्त व्हायचं आणि एमाशी लग्न करायचं, हे सांगायला त्यानं मास्टरला बोलावलं आहे. मास्टर खदाखदा हसून सांगतो की मी भूतकाळात जाऊन या गढीच्या वास्तुविशारदाला फितवलंय, आता भोग. डॉक्टर म्हणतो, मला हे ठाऊक होतं, म्हणून मी त्याच्याही आधी जाऊन त्याला गाठलं. मग मास्टर त्याच्याही आधी. कुणी लाच देतो, कुणी जेवू घालतो. या चढाओढीत 'विनाशाचे खिळे' बाहेर यायचे तिथून 'बऱ्यापैकी आरामाचा सोफा' येतो. ठेकेदाराला कुणी आधी भेटायचं यावरची ही मारामारी मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पण हा विनोद नुसता लाचेचा नाही. कालयंत्र दोघांकडे असेल तर सापळा रचण्यालाच अर्थ उरत नाही, आणि मूळ मालिका वर्षानुवर्षं या भोकाभोवती चटई अंथरून चालत आली. मॉफॅटनं चटई उचलली. गंमत म्हणजे पुढे तो स्वतः मालिका लिहू लागला तेव्हा काळाच्या असल्याच उलट्यासुलट्या गाठी हा त्याचा हातखंडा झाला.

मास्टर गढीखालच्या गटारात पडतो. वर यायला त्याला ३१२ वर्षं लागतात. बाहेर आल्यावर तो टार्डिसनं पुन्हा त्याच क्षणाला येतो, म्हणजे डॉक्टरच्या दृष्टीनं तो दाराआड जाऊन लगेच परतला, फक्त म्हातारा होऊन आणि घाण वासासकट. येतो आणि पुन्हा पडतो. तीनदा. ३१२ त्रिक ९३६, आणि तो आकडा मास्टर स्वतः चिडून ऐकवतो. यात गणित चुकलं असतं तर विनोद अर्धा मेला असता. या मालिकेचे चाहते कागद-पेन्सिल घेऊन बसणारे आहेत.

टर्सरसवासी पादून बोलत. नेमक्या सुरात, नेमक्या अंतरानं. शेवटी त्यांना अग्नीचा शोध लागला आणि ते संपले. हा विनोद शाळेतल्या मागच्या बाकावरचा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ग्रहाचं नाव कुठून आलं ते पाहा. टर्सरस हे नाव 'द डेडली असॅसिन'मध्ये एकदाच ओझरतं येतं, मास्टर मरणासन्न अवस्थेत तिथे सापडला होता म्हणून. सडून गेलेला मास्टरही त्याच कथेतला. टाइम लॉर्डला बाराच वेळा शरीर बदलता येतं, म्हणजे एकूण तेरा देह, हा नियमही तिथलाच. शीर्षक, ग्रह, खलनायकाची दशा आणि पुढे येणारा मृत्यूचा हिशेब, सगळं २३ वर्षांपूर्वीच्या एकाच कथेतून काढलेलं. ज्याला हे माहीत नाही तो पादण्यावर हसतो. ज्याला माहीत आहे तो दोनदा हसतो. प्रेमानं केलेल्या विडंबनात असे दोन मजले लागतातच. वरचाच मजला बांधला तर ती चाहत्यांची खासगी कुजबुज होते, खालचाच बांधला तर नुसती टर.

दुसरं जमलंय ते आवाजात. डालेक म्हणजे मालिकेचे मुख्य राक्षस: मिठाच्या डबीसारखा आकार, एक डोळा, एक बंदूक, हाताच्या जागी बेसिनचं तुंबलेलं पाणी काढायचा रबरी पंप, घेरावर ५६ अर्धगोल. त्यांच्या बोलण्यासाठी नटाचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून ३० हर्ट्झच्या आसपासच्या लहरीशी गुणतात, मग तो खरखरत तुटक येतो. पण यंत्र अर्धंच काम करतं. नटानं अक्षरं सुटी सुटी, एकेका अक्षराला दाबत म्हणावी लागतात, भरभर बोललं तर नुसती गुरगुर ऐकू येते. हे काम इथे रॉय स्केल्टननं केलं, डेव्ह चॅपमनच्या जोडीनं. स्केल्टन १९६० च्या दशकापासून खऱ्या मालिकेत डालेकांचा आवाज देत आला होता. नकलाकार आणला असता तर तो डालेकसारखं बोलला असता. इथे डालेकच बोलतात, मूर्ख वाक्यं, तितक्याच गांभीर्यानं.

ॲटकिन्सनचंही तेच. तोंड वेडंवाकडं करून पोट धरायला लावणारा हा नट इथे चेहरा जवळजवळ हलवत नाही. कोरडा, थोडा अहंमन्य, थोडा थकलेला. १९९९ मध्ये मालिका चालू असती आणि त्याला खरंच ती भूमिका दिली असती तर त्यानं ती अशीच केली असती. नाटकीपणाचं सगळं कंत्राट प्राइसकडे, कारण मास्टर मूळातही तसाच.

आणि मग ते 'नंतर सांगतो'. मूळ मालिकेत गोष्ट अवघड वळणावर आली की सोबतीण विचारते, हे कसं काय? पण भाग संपत आलेला असतो, पैसे संपलेले असतात, आणि पुठ्ठ्याच्या त्याच बोळातून पाचव्यांदा पळायचं बाकी असतं. तेव्हा डॉक्टर काहीतरी पुटपुटून पळ काढतो. विडंबनात सगळेच, अगदी मास्टरसुद्धा, बेधडक म्हणतात, नंतर सांगतो. एमा आणि डॉक्टर डालेकांच्या यानात खुर्च्यांना बांधलेले आहेत. एमा विचारते, डालेकांकडे खुर्च्या कशाला? रास्त प्रश्न. त्यांना पाय नाहीत, गुडघे नाहीत, बसणार काय? उत्तर ठरलेलंच.

शेवटच्या भागात देह भराभर संपतात. ॲटकिन्सन हा नववा, कारण १९९६ च्या चित्रपटातला आठवा होता. तो डालेकांच्या माऱ्यात पडतो आणि रिचर्ड ई. ग्रँट येतो. डालेकांचं अस्त्र फुटायला आलंय, ते दुरुस्त करताना त्याला झटका बसतो. मग बुजरा जिम ब्रॉडबेंट, मग ह्यू ग्रँट. दहा, अकरा, बारा. मूळ मालिकेनं तेहतीस वर्षांत आठ नट वापरले, इथे काही मिनिटांत चार उडाले. ह्यू ग्रँटचा डॉक्टर मात्र वेगळा मरतो. डालेकांच्या त्या अस्त्राच्या किरणांनी मेलेल्याला शरीर बदलता येत नाही.

इथे विनोद थांबतो. एमा त्याच्याजवळ बसून बोलते. तू मरू शकत नाहीस, तू फार चांगला आहेस, फार शूर, आणि फार फार वेडगळ. डॉक्टरशिवायचं विश्व तिला पटतच नाही. हे भाषण विडंबनाचं नाही. दहा वर्षं मालिकेविना काढलेल्या माणसानं ते लिहिलंय, आणि जरा जास्तच गोड झालंय, पण ते तिथून काढलं तर आधीचे सगळे विनोद बाहेरच्या माणसाचे वाटतील.

विश्व बहुधा एमाशी सहमत होतं. डॉक्टर उठतो तो जोआना लमली होऊन. तेरावा देह, नियमानं शेवटचा, आणि बाईचा. लग्न मोडतं. एमा म्हणते, ज्याच्या प्रेमात पडले तो पुरुष हा नव्हे. नवी डॉक्टर मास्टरच्या हातात हात घालून निघून जाते.

१९९९ मध्ये ही थट्टा होती. मालिका २६ मार्च २००५ ला परतली. मॉफॅट तीत लिहू लागला, २०१० पासून त्यानं तिची सूत्रं हाती घेतली. २०१४ मध्ये त्यानं मास्टरलाच बाई केलं, मिशेल गोमेझ. आणि २५ डिसेंबर २०१७ ला त्याच्या शेवटच्या भागात बारावा डॉक्टर पीटर कपाल्डी संपला आणि तिथे उभी राहिली जोडी व्हिटेकर नावाची अभिनेत्री. पुन्हा तेरावा क्रमांक, पुन्हा बाई. ब्रिटनमध्ये तेव्हा यावरून बरीच आरडाओरड झाली. लाल नाकाच्या रात्री मात्र कुणी हरकत घेतल्याचं दिसत नाही.

डालेकांच्या खुर्च्यांचं अजून कुणी सांगितलेलं नाही.